सात घोडेस्वार सावंतवाडीला जातात

मुलांनो, सात घोडेस्वारांना मांडीवर घेऊन तुम्ही कधी एसटीनं प्रवास केलाय का? मी केलाय! बुटांच्या खोक्यात भाताचा पेंढा अंथरला, त्यात स्वार झोपवले आणि खोक्याला सुतळी बांधली. कंडक्टरकाकांनी संशयानं खोक्याकडे बघत विचारलं, "बाई, कोंबडीची पिल्लं हाईत व्हय?" मी सुतळी सोडून दाखवली. मातीचे घोडे, मातीचे स्वार. काका हसले आणि म्हणाले, "ह्यांचं तिकीट माफ!"

आता हे स्वार कुठले आणि ते सावंतवाडीला कशाला निघाले होते, ते सांगते.

कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लजकडच्या एका लहानशा गावात आमची शाळा आहे. आमच्याकडे दिवाळीत अंगणाअंगणात किल्ले होतात. शाळेचाही एक असतो, व्हरांड्याच्या कडेला. तो नेहमी सामानगडच, कारण सामानगड आमच्याच तालुक्यात आहे आणि पोरांनी तो पायाखाली घातलेला आहे. आणि किल्ल्याच्या पुढं असते नेसरीची खिंड. २४ फेब्रुवारी १६७४ या दिवशी सरनोबत प्रतापराव गुजर अवघ्या सहा सोबत्यांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण तिथंच पडले. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला. खिंडीत आज प्रतापरावांचं स्मारक आहे. आमची सहल दर दोन वर्षांनी तिथं जाते. घरून बांधून आणलेली भाकरी खाऊन पोरं तिथं गप्प बसतात. एरवी ती कुठंच गप्प बसत नाहीत.

तर खिंडीसाठी सात घोडेस्वार हवेत. ते मिळतात दिवाळीच्या बाजारात. तुम्हीही आणले असतील. साच्यातून काढलेले, सगळे सारखे. लाल फेटा, काळी मिशी, पांढरा घोडा आणि चेहरा गुलाबी. प्रतापराव कुठला आणि बाकीचे कुठले, कळायला मार्गच नाही! सात जुळे भाऊ लढाईला निघालेत असं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं, यंदा प्रत्येक स्वार वेगळा करायचा. पोरांनी शाळेच्या कपाटातले जुने स्वार काढले आणि त्यांच्यावर पोस्टर कलर फासले. पहिल्या दिवशी काय झोकात दिसले म्हणता! तिसऱ्या दिवशी फेट्यांची टरफलं पडायला लागली. चौथ्या दिवशी एका घोड्याचं तोंड सोललं. एका गटाला वाटलं, स्वार मळकट आहेत म्हणून रंग धरत नाही. त्यांनी एकाला बादलीत बुडवून घासला. वरून रंग होता, पण खालून पोकळ आणि आतली माती कच्ची. पाणी आत शिरलं आणि स्वार घोड्यासकट विरघळला! बादलीत उरला नुसता गाळ. आता सहाच राहिले. सातवा मी बाजारातून नवा आणला.

पण खरी अडचण वेगळीच होती, आणि ती रंगाच्या टरफलांइतकी सोपी नव्हती.

त्या सहा सोबत्यांची परंपरेनं सांगितली जाणारी नावं मी फळ्यावर लिहिली होती. विसाजी बल्लाळ, दीपाजी राऊतराव, विठ्ठल पिलाजी अत्रे, कृष्णाजी भास्कर, विठोजी शिंदे आणि सिद्दी हिलाल. 'सिद्दी' हा शब्द तुम्ही इतिहासात वाचला असेल. १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर, जंजिऱ्याचे सिद्दी. या लोकांचे पूर्वज समुद्र ओलांडून आफ्रिकेतून आलेले. सिद्दी हिलाल हा महाराजांच्या बाजूनं लढणारा सरदार.

मी एवढं सांगितलं आणि रंगाची पेटी उघडून म्हटलं, "चला, चेहऱ्यांना त्वचेचा रंग द्या." पेटीतल्या त्या फिकट गुलाबी कांडीला आमच्याकडे 'त्वचेचा रंग'च म्हणतात. मीही लहानपणापासून तेच म्हणत आले होते. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वर्गात फारशी न बोलणारी.

"बाई, सिद्दी हिलालबी गुलाबीच व्हता व्हय?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात एक आवाज आला, "मग काय तुज्यागत काळा रंगवायचा?" सगळा वर्ग हसला. ती खाली बसली. त्या दिवशी तिनं ब्रश हातात घेतला नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. मी हसणाऱ्यांना रागावले. पण रागावताना माझ्या हातात ती गुलाबी कांडी होती, हे माझ्या लक्षात आलं ते घरी गेल्यावर.

माझी डी.एड.च्या वेळची मैत्रीण सावंतवाडीला शिक्षिका आहे. तिला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शनिवारी सकाळची शाळा झाली की सरळ इकडे ये. स्वार घेऊन ये. आमच्या चितार आळीत दाखवू." म्हणून ते खोकं आणि ती एसटी!

आजऱ्यावरून आंबोलीकडे जाणारा रस्ता तुम्ही बघाच एकदा. ऑक्टोबरात दोन्ही बाजूंना भात पिवळं होत असतं आणि वासानं गाडी भरून जाते. आंबोलीला आमच्या हिरण्यकेशीचा उगम आहे. जी नदी आमच्याकडे शेतं भिजवते, ती तिथं देवळाजवळच्या गुहेतून निघते. पुढं घाट लागतो. गाडी वळणं घेत उतरते, कानात दडे बसतात आणि हवा बदलते. वर असताना अंगावर शाल होती. खाली उतरेपर्यंत ती पिशवीत गेली आणि माड, पोफळी दिसायला लागल्या.

सावंतवाडीच्या मधोमध मोती तलाव आहे आणि त्याच्या काठी राजवाडा. तिथून जवळच चितार आळी. नावातच बघा ना, चितारी म्हणजे चित्रं काढणारे, रंगकाम करणारे! आळीत शिरलं की दोन्ही बाजूंच्या दुकानांत लाकडी खेळणी. भोवरे, पांगुळगाडे, भातुकली, बाहुल्या. आणि फळं! टोपलीतलं केळं मी सोलायला घेतलं असतं, इतकं हुबेहूब. ही खेळणी पूर्वी मुख्यतः पांगाऱ्याच्या लाकडाची असत. पांगारा म्हणजे तांबड्याभडक फुलांचं झाड. त्याचं लाकूड हलकं आणि मऊ. आता पांगारा पूर्वीसारखा मिळत नाही, म्हणून दुसरीही लाकडं वापरतात.

मैत्रिणीनं मला एका जुन्या कारागीर आजोबांकडे नेलं. ते लाकडी वांगं रंगवत होते आणि समोर पाटावर एक खरं वांगं ठेवलेलं. दर दोन-तीन फटकाऱ्यांनी मान वर करून खऱ्या वांग्याकडे बघायचे. मला गंमत वाटली. आयुष्यभर वांगी रंगवलेला माणूस, त्याला वांगं बघावं लागतं? मी विचारलंच. ते म्हणाले, "ह्या आजचा वांगा. कालचा येगळा होता." आणि खरंच की! देठाखाली हिरवट छटा होती, एका बाजूला जांभळा रंग जवळजवळ काळा झाला होता. मी रोज वांगी चिरते, पण हे मला माहीत नव्हतं.

मग त्यांनी आमचा एक स्वार उचलला. नखानं खरवडला. टरफल निघालं, त्याखाली चकचकीत लाल. "खालती तेलरंग, वरसून पाण्याचो रंग," ते म्हणाले. "मगे रंग धरतलो कसो? अस्तर खंय आसा? पोराक न्हाणवूक नाय आणि नवो सदरो घातलो, तशी गजाल झाली ही!"

अस्तर! शिंप्याकडे कोटाला असतं ना, तसंच रंगालाही असतं. रंग आणि वस्तू यांच्या मधे बसणारा थर. तो खडबडीत वस्तूला घट्ट धरतो आणि वरच्या रंगाला आपल्यावर बसू देतो.

अस्तराची खरी करामत मात्र मी दुसऱ्या दिवशी गंजिफात बघितली. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा प्रसिद्ध आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं. एकूण किती? शाबास, १२०! मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. हा खेळ आणि ही कला जवळजवळ विसरली गेली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या जुन्या कलावंताच्या मदतीनं ती पुन्हा उभी केली. स्वतः शिकले, राजवाड्यात बसवून नव्या मुलांना शिकवलं.

हे पत्ते जुन्या पद्धतीनं कसे करतात ऐका. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं एकावर एक चिकटवायचे. त्यावर खडूच्या भुकटीचा लेप. वाळला की गुळगुळीत दगडानं घोटायचा. मग रंग, आणि सगळ्यात शेवटी लाखेचा हात. म्हणजे चित्र काढायच्या आधीच निम्म्याहून जास्त काम झालेलं असतं! आणि चेहरे? कृष्ण निळसर. गुलाबी कांडीशिवाय त्यांचं काही अडलेलं नव्हतं.

येताना गाडीत मी खोकं मांडीवर घेऊन बसले होते, पण माझं लक्ष शेजारच्या माणसाच्या हाताकडे होतं. आजऱ्याच्या बाजाराला निघालेला शेतकरी असावा. मनगट एका रंगाचं, दंड दुसऱ्या रंगाचा, आणि बोटांच्या पेरांवर तिसराच.

सोमवारी वर्गात गेले आणि पेटीतल्या सगळ्या गुलाबी कांड्या काढून टेबलावर ठेवल्या. म्हटलं, "परवा मी तुम्हांला चुकीचं सांगितलं. ह्याला त्वचेचा रंग म्हणतात, पण ह्या वर्गात अशा रंगाचं कुणी आहे का बघा." पोरांनी कांड्या हाताला लावून बघितल्या. तेवीस पोरं. एकाचाही रंग जुळेना!

मग आम्ही कामाला लागलो. ते तुम्हांलाही करता येईल म्हणून नीट सांगते.

मातीच्या चित्राला पाणी लावू नका. आमच्या शहीद स्वाराची आठवण ठेवा. पॉलिश पेपर घेऊन जुना चकचकीत रंग हलक्या हातानं घासा. सगळा निघाला नाही तरी चालेल, चकाकी गेली पाहिजे. घासताना नाकाला रुमाल बांधा. मग खळ. चिंचोके भाजून साल काढायची, दळून बारीक पूड करायची आणि पाण्यात ढवळत शिजवायची. आईला विचारा, नाहीतर आजीला, त्यांना ठाऊक असतं. पातळ खळीत खडूची पूड कालवली की झालं अस्तर. एकच जाड हात दिलात तर तडे जातात. दोन पातळ हात द्या आणि मधे पूर्ण वाळू द्या. आमच्या पोरांना धीर नव्हता, म्हणून पहिल्या दोन स्वारांना तडे गेलेच.

फेटे आम्ही खऱ्या कापडाचे केले. जुन्या धोतराच्या बोटभर पट्ट्या काढल्या. चहाच्या पाण्यात बुडवलेल्या पट्ट्यांना छान मळखाऊ रंग आला. हळदीच्या पाण्यात पिवळा. आणि हळदीत चिमूटभर चुना पडला मात्र, सगळा वर्ग ओरडला! पिवळ्याचं क्षणात लालभडक. कुंकू असंच करतात. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका, त्याला मोठ्यांनीच हात लावावा. पण त्या लालावर भरवसा ठेवू नका. दोन दिवसांत लाली उतरली. शेवटी भगव्यासाठी आम्ही पातळ खळीत काव कालवून पट्ट्या बुडवल्या, तो रंग अजून आहे.

एका मुलानं त्याचा प्लॅस्टिकचा हिरवा शिपाई आणला होता, हातात बंदूक असलेला. त्यालाही फौजेत घ्या म्हणून हटून बसला. मी शिपायाला कापडाच्या रंगाच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवला. बाहेर आला तो होता तसाच हिरवागार! त्या जातीचं प्लॅस्टिक पाणी पीतच नाही, रंग आत शिरणार कसा? खळीचं अस्तरही त्याच्यावरून साल निघाल्यासारखं निघालं. मग त्याला साबणानं धुऊन, पॉलिश पेपरनं घासून, ॲक्रिलिक रंगाचे पातळ हात दिले. ते बरेचसे टिकले. बंदूक मी कापली आणि तिथं हिराची काडी लावली, तिचा भाला झाला. घोड्यावर काही त्याला बसता येईना, कारण पाय सरळ. म्हणून त्याची नेमणूक सामानगडाच्या दरवाज्यावर झाली.

ढालीवरची आणि घोड्याच्या झुलीवरची नक्षी हे कठीण काम. बोटाच्या पेराएवढी ढाल, त्यावर फुलं कशी काढणार? माझा हात थरथरतो, तर पोरांचं काय! त्यासाठी आम्ही नक्षी वेगळी काढून मग चिकटवली. दुधाची प्लॅस्टिकची पिशवी धुऊन, कापून सपाट पसरायची. तिच्यावर फेविकॉलचा पातळ हात द्यायचा. वाळला की तो काचेसारखा स्वच्छ होतो. त्यावर ॲक्रिलिकनं बारीक नक्षी काढायची. चुकली तर चुकली, दुसरी काढायची! वर पुन्हा फेविकॉलचा एक हात. पुरतं वाळल्यावर कात्रीनं नक्षी कापून अलगद सोलायची, पाठीला ओलं बोट लावायचं आणि ढालीवर बसवायची. च्युइंगमबरोबर मिळणारे पाण्याचे स्टिकर आठवतात ना? हे त्यांचे घरगुती भाऊ. घाईनं सोललंत तर फाटतात. आमचे पहिले पाच फाटले.

आणि चेहरे. काव, पिवडी, थोडा पांढरा, किंचित काळा. एवढ्यातून माणसाचे सगळे रंग निघतात. प्रत्येकानं ताटलीत रंग कालवायचा आणि आपल्या मनगटाशेजारी धरून जुळवायचा. वर्गात अशी शांतता मी नेसरीच्या खिंडीनंतर पहिल्यांदा अनुभवली. परवा ओरडणाऱ्या त्या मुलाच्या ताटलीत काव आणि काळा सगळ्यांत जास्त लागला. तो दिवसभर गुरांमागं उन्हात असतो. त्यानं ताटलीकडे बघितलं, मागच्या बाकाकडे बघितलं आणि पुन्हा कालवायला लागला. मी काही बोलले नाही.

सिद्दी हिलाल कुणी रंगवायचा, हे मी विचारलं नाही. तो स्वार मी मागच्या बाकावर नेऊन ठेवला. तिनं बराच वेळ हात लावला नाही. मधल्या सुट्टीनंतर बघते तर ताटलीत रंग कालवलेला. तिनं आधी नुसता काळा दिला होता. त्यात नाक-डोळे बुडून गेले, म्हणून तिनं तो स्वतःच खरवडला. मग कावेत काळा आणि थेंबभर निळा मिसळला. वाळल्यावर त्याच रंगात जरा पिवडी घालून नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या हाडावर आणि कपाळावर फिकट हात दिला. एवढ्याशानं चेहरा वर आला! हे तिला कुणी शिकवलं म्हणाल तर कुणीच नाही. खिडकीच्या काचेत स्वतःकडे बघत होती, तेवढं मी पाहिलं.

शेवटी सगळ्यांना बाकांच्या दुरुस्तीतून उरलेल्या वॉर्निशचा हात दिला. तो मी दिला, उघड्या व्हरांड्यात, कारण त्याचा वास डोक्यात चढतो. पांढरे घोडे जरा पिवळसर झाले. मला ते बरंच वाटलं. लांबून दौडत आलेला घोडा पांढराशुभ्र कसा असेल?

धनत्रयोदशीला खिंड मांडली. हळीव पेरलेलं हिरवंगार उगवलं होतं. प्रतापराव पुढं, मागं सहा जण, आणि सहाही ओळखू येणारे. एकाच्या मिशा पांढऱ्या होत्या. एकाला पोरांनी मिशीच दिली नव्हती, तो फार लहान होता म्हणे! किल्ला बघायला आलेल्या आजोबांना ती मुलगी एकेक नाव सांगत होती. सिद्दी हिलालपाशी ती जरा जास्त थांबली. "ह्यो लांबच्या मुलखातला, पन आपल्याच बाजूचा," असं तिनं सांगितलेलं मी ऐकलं.

दिवाळी संपली, किल्ला मोडला, चित्रं पेंढ्यात गुंडाळून कपाटात ठेवायची वेळ आली. मोजले तर सहाच स्वार! मी विचारायच्या आधीच ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. दप्तर पोटाशी घट्ट धरलेलं.

"बाई, फुडच्या दिवाळीपतूर आमच्यात ऱ्हाऊ दे त्याला? बादलीत न्हाई बुडवणार."

मी हजेरीच्या वहीत मागच्या पानावर नोंद केली, घोडेस्वार १, उसना. परतीची तारीख लिहिली नाही.